गाणं आणि वाद्यं, दोन्हींसाठी एकच डायनॅमिक माइक: कसा निवडायचा, कसा लावायचा

ज्या माइकचे दोष बहुतेक ठिकाणी खपून जातात, त्याला अष्टपैलू म्हणायचं. ही व्याख्या जरा रुक्ष आहे, पण खरेदीच्या वेळी फार उपयोगी पडते. आज गाणं, उद्या गिटारचा अँप्लिफायर, परवा तबला असं सगळं एकाच माइकने रेकॉर्ड करायचं असेल, तर तो कुठल्या एका कामात सर्वोत्तम असायची गरज नाही. कुठल्याच कामात त्याने दगा देऊ नये, एवढं पुरे. चांगले डायनॅमिक माइक या कसोटीला उतरतात ते त्यांच्या साध्या रचनेमुळे, आणि त्यांच्या मर्यादाही त्याच रचनेतून येतात.

आत एक पातळ पडदा असतो. त्याला बारीक तारेची कॉइल चिकटवलेली असते आणि ती कॉइल लोहचुंबकाच्या फटीत तरंगत असते. आवाजाने पडदा हलला की कॉइल पुढेमागे सरकते आणि तिच्यात वीज निर्माण होते. लाउडस्पीकर उलटा चालवावा, तसंच हे काम. बॅटरी नको, फँटम पॉवर (केबलमधून माइकला दिलेली वीज) नको, आणि स्नेअर ड्रमचा फटका अगदी तोंडाशी बसला तरी आवाज फाटत नाही. मोबदल्यात पडद्याला कॉइलचं ओझं वाहावं लागतं. त्यामुळे अतिशय झटपट आणि बारीक कंपनं तो कंडेन्सर माइकइतकी (हलक्या पडद्याचा, विजेवर चालणारा माइक) टिपत नाही. बऱ्याच डायनॅमिक माइकचा प्रतिसाद १५ किलोहर्ट्झच्या आसपास उतरतो. (रिबन माइकही याच तत्त्वावर चालतो, पण तो नाजूक असतो. या लेखात डायनॅमिक म्हणजे कॉइलवालाच माइक.)

पहिली पायरी: काय रेकॉर्ड करणार, आणि किती अंतरावरून

माइकच्या याद्या बघण्याआधी कागदावर दोन रकाने करा. एकात आवाजाचा उगम, दुसऱ्यात माइक ठेवता येईल ते अंतर. गाणं, १० सेंमी. गिटारचा अँप, ३ सेंमी. हार्मोनियम, ३० सेंमी. अंतराच्या रकान्यात बहुतेक आकडे ३० सेंमीच्या आत असतील, तर डायनॅमिक माइक ही योग्य निवड आहे. त्यात "दहा जणांचं कोरस, दीड मीटर" किंवा "तंबोऱ्याची जवारी, अर्धा मीटर" असं काही मुख्य काम म्हणून आलं, तर तुम्हाला कंडेन्सर हवा. तंबोऱ्याच्या जवारीतला जो बारीक झणत्कार असतो, तोच डायनॅमिक माइकमध्ये बोथट होतो. नंतर इक्वलायझरने वरचे सूर कितीही उचलले, तरी जे टिपलंच गेलं नाही ते परत येत नाही. वर येते ती खरखर.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. "डायनॅमिक माइक खोलीचा आवाज पकडत नाही," असं सर्रास सांगितलं जातं. माइकला खोली आणि गायक यांतला फरक कळत नाही. डायनॅमिक माइक आपण तोंडाजवळ धरतो, म्हणून गाणं मोठं आणि खोली लहान ऐकू येते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डीबीने (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) पडतो. खोलीतला घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे ५ सेंमीवरून २० सेंमीवर गेलात की खोलीच्या तुलनेत तुमचा आवाज १२ डीबीने मागे गेला. महागडा माइक ४० सेंमीवर ठेवून "यात घुमतंय" अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. हाच माइक १० सेंमीवर आणा, निम्मी तक्रार तिथेच मिटते.

दुसरी पायरी: तुमच्या इंटरफेसला हा माइक पेलवेल का

इंटरफेस म्हणजे माइक संगणकाला जोडणारी पेटी. निवडीतली सगळ्यात जास्त दुर्लक्षित पायरी हीच आहे, म्हणून इथे थोडं आकड्यांत शिरू.

प्रत्येक माइकच्या माहितीपत्रकात संवेदनशीलता दिलेली असते: ९४ डीबी आवाजाला माइक किती मिलिव्होल्ट देतो. शुअर एसएम५७ सुमारे १.६ मिलिव्होल्ट देतो, एसएम५८ सुमारे १.९, आणि एसएम७बी फक्त १.१ च्या आसपास. याउलट अनेक कंडेन्सर माइक १० ते ३० मिलिव्होल्ट देतात.

आता साधं बोलणं घ्या. एक मीटरवर ते ६० डीबीच्या आसपास असतं. तोंडापासून ६ सेंमीवर माइक ठेवला की अंतर चार वेळा निम्मं होतं, म्हणजे आवाज ८४ डीबी. हे ९४ पेक्षा १० डीबीने कमी, म्हणून एसएम७बीकडून मिळणार साधारण ०.३५ मिलिव्होल्ट. एवढ्याशा सिग्नलला कामाच्या पातळीवर, म्हणजे ०.३५ व्होल्टपर्यंत न्यायचं तर तो एक हजार पट वाढवावा लागतो. हजार पट म्हणजे ६० डीबी गेन.

हाच हिशोब गिटारच्या अँपसमोर करून बघा. जाळीपासून २ सेंमीवर ११५ डीबी आवाज असेल, तर एसएम५७ सुमारे १८ मिलिव्होल्ट देतो आणि २६ डीबी गेन पुरतो. माइकच्या त्याच वर्गात एका कामाला ६० आणि दुसऱ्याला २६ डीबी लागले. म्हणून "अमुक माइकला किती गेन लागतो" या प्रश्नाला "कशासमोर?" असाच प्रतिप्रश्न करायला हवा.

इंटरफेसच्या माहितीत दोन आकडे शोधा. पहिला, माइक प्रीअँपचा (सिग्नल वाढवणाऱ्या भागाचा) कमाल गेन. फोकसराइट स्कारलेट २आय२ च्या तिसऱ्या पिढीत तो ५६ डीबी होता, चौथ्या पिढीत ६९ डीबी आहे. हळू आवाजात गाणाऱ्या किंवा बोलणाऱ्यासाठी ६० डीबीच्या पुढे काही शिल्लक असावं. दुसरा आकडा प्रीअँपच्या स्वतःच्या गोंगाटाचा, जो इनपुटला आणून मोजलेला असतो. तो उणे १२८ डीबीयूच्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. कसं ते बघा: एसएम७बी जोडला असताना उणे १२८ चा गोंगाट म्हणजे माइकसमोर २३ डीबीचा आवाज असल्यासारखं आहे. तुमच्या खोलीत पंखा बंद, खिडकी बंद असतानाही ३० ते ३५ डीबी असतंच. म्हणजे प्रीअँपच्या सुसकाऱ्याआधी खोलीच ऐकू येणार.

म्हणून क्लाउडलिफ्टर किंवा फेटहेडसारखा मध्ये जोडायचा छोटा प्रीअँप डोळे मिटून घेऊ नका. हे प्रीअँप २५ डीबीच्या आसपास गेन वाढवतात आणि इंटरफेसच्या फँटम पॉवरवर चालतात. तुमच्या इंटरफेसचा कमाल गेन ५० ते ५५ डीबीपर्यंतच असेल, किंवा गेनचं बटण शेवटच्या टप्प्यात नेल्यावर "स्सस" असा आवाज चढत असेल, तर त्यांचा खरा उपयोग होतो. आधीच ६५ डीबी गेन असलेल्या चांगल्या इंटरफेसला ते जोडून फरक ऐकू येणार नाही. ते पैसे स्टँडवर आणि केबलवर खर्च करा.

तिसरी पायरी: माइकची पाठ कुठे बहिरी आहे

रेकॉर्डिंगच्या डायनॅमिक माइकमध्ये बहुतेक तीन प्रकारचे दिशा-आलेख भेटतात. कार्डिऑइड सरळ मागून, म्हणजे १८० अंशांवर, सगळ्यात कमी ऐकतो. सुपरकार्डिऑइड समोरून अधिक अरुंद ऐकतो, पण त्याची बहिरी जागा मागे नसून तिरकी, सुमारे १२५ अंशांवर असते. हायपरकार्डिऑइडमध्ये ती ११० अंशांच्या आसपास येते. शेवटच्या दोघांना अगदी मागून काही प्रमाणात ऐकू येतं, आणि हे न कळल्यामुळेच लोक सुपरकार्डिऑइड माइकच्या बरोबर पाठीमागे पंखा किंवा दुसरं वाद्य ठेवून बसतात.

हे स्वतः ऐकायला दोन मिनिटं लागतात. हेडफोन लावा, माइक स्टँडवर लावा, आणि हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन अर्ध्या मीटरवरून हळूहळू त्याच्याभोवती फिरा. किल्ल्यांचा आवाज जिथे सगळ्यात मंद आणि घुसमटलेला वाटेल, ती बहिरी जागा. रेकॉर्डिंगमध्ये जे नको आहे ते तिथे आणायचं. संगणकाचा पंखा असो किंवा शेजारी वाजणारा हाय-हॅट, नियम तोच.

एकाच माइकवर सगळं करायचं असेल तर आमचा कल कार्डिऑइडकडे. गाता गाता मान थोडी हलली तरी स्वर फार बदलत नाही आणि माइक लावणं सोपं जातं. एकाच वेळी दोन-तीन वाद्यं जवळजवळ वाजणार असतील, तर मात्र सुपरकार्डिऑइडचा अरुंदपणा कामाला येतो.

चौथी पायरी: रंग कसा आहे

कोणताही डायनॅमिक माइक आवाजाला काही ना काही रंग देतोच. दोन गोष्टी ओळखायला शिका.

पहिली, वरच्या मध्य सुरांतला उठाव. एसएम५७ मध्ये तो ५ ते ६ किलोहर्ट्झच्या आसपास ठळक आहे. स्नेअर, गिटारचा अँप, जाडसर पुरुषी आवाज यांना त्याने धार येते. ज्या गळ्यात स, श, च मुळातच टोकदार आहेत, त्याला तोच उठाव बोचतो.

दुसरी, जवळीक परिणाम. दिशा पाळणारा माइक उगमाच्या जितका जवळ, तितके खालचे सूर फुगतात. एसएम५७ आणि एसएम५८ यांच्यासाठी शुअरनेच दिलेला आकडा आहे: साधारण ६ मिलिमीटरवर १०० हर्ट्झच्या खालचे सूर ६ ते १० डीबीने वाढतात. पातळ आवाजाला हे वरदान ठरतं. पण गाणारा एका ओळीला ओठ जाळीला लावतो आणि दुसऱ्या ओळीला एक वीत मागे जातो, तेव्हा एकाच गाण्यात दोन गळे ऐकू येतात, आणि मिक्सिंगमध्ये ते जुळवणं फार कष्टाचं होतं.

आता काही खरे पर्याय.

शुअर एसएम५७ (१९६५) आणि एसएम५८ (१९६६) ही सख्खी भावंडं आहेत. आतली कॅप्सूल (पडदा आणि कॉइलचा गाभा) जवळपास सारखीच, फरक तोंडावरच्या जाळीचा. एसएम५८ च्या गोल जाळीत स्पंज असतो, तो श्वासाचा झोत अडवतो आणि तोंड कॅप्सूलपासून काही सेंटिमीटर लांब ठेवतो. एसएम५७ चं तोंड चपटं, त्यामुळे तो वाद्याच्या अगदी जवळ घुसतो, पण प-फ च्या फुंकरीपुढे लगेच हार मानतो. यावर उपाय म्हणजे त्याच्यावर बसणारं जाड फोमचं टोपरं. ते घातलं की एसएम५७ गाण्यासाठीही उत्तम चालतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या भाषणांत व्यासपीठावर वर्षानुवर्षं दिसणारे माइक हेच, टोपरं घातलेले एसएम५७.

सेनहायझर एमडी ४२१ (१९६०) अष्टपैलूपणात या दोघांच्याही एक पाऊल पुढे आहे. त्याच्यावर खालचे सूर कमी करणारं पाच टप्प्यांचं कडं असतं: 'एम' म्हणजे संगीतासाठी पूर्ण, 'एस' म्हणजे बोलण्यासाठी कापलेलं. टॉम, गिटारचा अँप, ब्रास, गाणं सगळ्याला तो चालतो. त्याची सरकवून बसवायची क्लिप तेवढी जपा. खटका पूर्ण बसला नाही तर माइक निसटून खाली येतो.

एसएम७बी (मूळ एसएम७ हा १९७३ चा) आणि इलेक्ट्रो-व्हॉइस आरई२० (१९६८) हे बसून गाण्या-बोलण्याच्या कामाचे मोठे माइक. एसएम७बी गुळगुळीत आहे, त्याच्या पाठीवर खालचे सूर कापायचा आणि वरचा मध्य उठवायचा असे दोन खटके आहेत. आरई२० च्या खास रचनेमुळे जवळीक परिणाम फार कमी होतो, म्हणून डोकं हलवत बोलणाऱ्याला तो सांभाळून घेतो. बास अँप आणि किक ड्रमसमोरही तो दमदार वाजतो. दोन्ही माइक पाऊण किलोच्या आसपास वजनाचे आहेत, हे स्टँड घेताना लक्षात ठेवा.

यादीत निम्म्याहून जास्त वाद्यं असतील तर एसएम५७ आणि फोमचं टोपरं घ्या. गाणं जास्त असेल आणि माइक हातातही धरायचा असेल तर एसएम५८. ड्रम आणि अँप रोजचे असतील आणि खर्चाची तयारी असेल तर एमडी ४२१. एसएम७बी हा पहिला माइक म्हणून तेव्हाच घ्या, जेव्हा दुसऱ्या पायरीचा हिशोब जमत असेल.

संगणकाला थेट यूएसबीने जोडायचा डायनॅमिक माइक घेणार असाल, तर एक्सएलआरही (माइकच्या केबलची तीन पिनांची जोडणी) असलेला घ्या. सॅमसन क्यू२यू हे त्याचं साधं उदाहरण. पुढे इंटरफेस घेतलात तर माइक वाया जात नाही.

पाचवी पायरी: निवडलेले दोन माइक समोरासमोर ऐकणं

तीनच्या वर माइक ऐकू नका, कान गोंधळतो. दोन-तीन निश्चित करा आणि असं करा:

१. तोंड आणि जाळी यांतलं अंतर पट्टीने मोजून १० सेंमी ठेवा. प्रत्येक माइकला तेवढंच. अंदाजाने ठेवलं तर तुम्ही माइकऐवजी अंतर ऐकत बसाल.

२. एक ओळ गा, आणि दोन वाक्यं बोला. आपल्या भाषेत यासाठी आयता मसाला आहे. "पावसाच्या सरी सरसर सरकत आल्या" या वाक्यात स किती टोचतो ते कळतं. "फुलपाखरू भुर्रकन फांदीवर बसलं" यातल्या फ आणि भ वर हवेचा धक्का बसतो का ते कळतं. मराठीत महाप्राण व्यंजनं भरपूर, त्यामुळे झोताची अडचण नुसत्या प-ब पुरती राहत नाही. भ, ध आणि ठ सुद्धा तपासा.

३. त्याच जागी एखादं वाद्य १५ सेंमीवरून वाजवा.

४. इक्वलायझर, कॉम्प्रेसर काहीही लावू नका. संगणकात सगळ्या तुकड्यांची पातळी सारखी करा. जो तुकडा १ डीबीने मोठा असतो तो कानाला 'जास्त चांगला' वाटतो, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते.

५. फायलींना क, ख, ग अशी नावं देऊन दुसऱ्या कुणाला तरी वाजवायला सांगा. कोणता माइक महाग ते माहीत नसताना ऐकलेलंच खरं.

६. माइक हातात धरून अंगावरून बोटं फिरवा. धरण्याचा खरखराट किती येतो ते समजेल. हातात धरायचाच नसेल तर याला फार महत्त्व देऊ नका.

सहावी पायरी: केबल, स्टँड, आणि एक मोठा सापळा

केबल दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेली, बॅलन्स्ड (बाहेरचा गोंगाट रद्द करणाऱ्या दोन सिग्नल तारांची) घ्या. अशा केबलवर ५-१० मीटर अंतर काहीच नाही. सापळा आहे तो एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला पाव इंची जॅक असलेल्या केबलचा. इंटरफेसच्या कॉम्बो सॉकेटमध्ये ती बसते, पण पाव इंची जॅक बहुतेक वेळा लाइन किंवा गिटारच्या इनपुटला जातो. तिथे माइकचा गेन मिळत नाही, आवाज मुंगीएवढा येतो, वर घुंघाट. "माइक खराब निघाला" म्हणून परत केलेल्या कितीतरी माइकचं दुखणं हेच असतं.

फँटम पॉवर चुकून चालू राहिली तर नीट जोडलेल्या बॅलन्स्ड केबलवर साध्या डायनॅमिक माइकला इजा होत नाही. पण केबल आतून शॉर्ट असेल तर होऊ शकते. म्हणून गरज नसेल तेव्हा ती बंद ठेवा, आणि माइक काढता-घालताना स्पीकरचा आवाज खाली करा. माइकमध्येच प्रीअँप असलेला एसएम७डीबीसारखा माइक हा अपवाद: त्याचा प्रीअँप वापरायला फँटम लागतेच.

स्टँडचा बूम लांब केला की पाऊण किलोचा माइक हळूहळू खाली झुकतो. पायाचं एक टोक माइकच्या दिशेने ठेवा आणि बूमच्या मागच्या टोकाला वजन लावा. स्टँडच्या आट्या ३/८ आणि ५/८ इंच अशा दोन मापांत येतात. रूपांतर करणारी पितळी चकती क्लिपमध्ये असते, ती हरवू नका.

सातवी पायरी: माइक लावणं

गेन असा ठरवा: गाण्यातली सगळ्यात जोरकस ओळ खरोखर तेवढ्याच जोरात गाऊन घ्या आणि शिखरं उणे १२ ते उणे १० डीबीपर्यंत जातील असं बटण फिरवा. रेकॉर्डिंग २४ बिटवर करा. तिथे लाल दिव्याच्या जवळ जाण्याचा काहीही फायदा नाही, आणि भावनेच्या भरात गायक ३-४ डीबीने वर जातोच.

*गाणं.* अंतर ५ ते १५ सेंमी. माइक ओठांच्या सरळ रेषेत न ठेवता हनुवटीच्या किंवा गालाच्या बाजूला सरकवा आणि तिथून तोंडाकडे वळवा, म्हणजे २०-३० अंशांचा तिरकस कोन होतो. हवेचा झोत सरळ पुढे निघून जातो, आवाज मात्र माइककडे येतो. पॉप फिल्टर माइकला चिकटवू नका, ५-८ सेंमी पुढे ठेवा. तो अंतर राखणारी खूणही बनतो. नंतर ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. जाळी मुठीत कधीच धरू नका. माइकच्या मागून आणि बाजूने येणारी हवा दिशा ठरवत असते. ती अडवली की माइक सगळीकडचं ऐकू लागतो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

*गिटारचा अँप.* इथे एक सेंटिमीटरसुद्धा बोलतो. विजेरी पाडून स्पीकरच्या मधली गोल टोपी शोधा. माइक जाळीपासून २ ते ५ सेंमीवर, टोपीच्या कडेला, स्पीकरकडे सरळ. मध्याकडे सरकवला की आवाज कर्कश होतो, बाहेरच्या काठाकडे नेला की मऊ आणि गडद. आधी माइक सरकवून स्वर शोधा, अँपची बटणं नंतर. अँपमध्ये दोन स्पीकर असतील तर दोन्ही ऐका, ते क्वचितच सारखे वाजतात. स्वर जमला की चिकटपट्टीची खूण करून ठेवा.

*अकूस्टिक गिटार.* भोकासमोर माइक ठेवणं ही सगळ्यात सामान्य चूक. पेटीतल्या हवेचा १०० हर्ट्झच्या आसपासचा घुमारा तिथूनच बाहेर पडतो, त्यात जवळीक परिणामाची भर, आणि सगळं बूमबूम होतं. माइक बाराव्या-चौदाव्या फ्रेटसमोर २० सेंमीवर ठेवून भोकाकडे किंचित वळवा. बारीक आवाजात बोटांनी छेडलेल्या गिटारला गेन खूप लागेल, तेव्हा दुसरी पायरी आठवा.

*तबला-डग्गा.* एकच माइक असेल तर दोन्हींच्या मध्ये, २५ ते ३० सेंमी वर, थोडा पुढून, आणि नेम तबल्याकडे जास्त. डग्ग्याचा खर्ज तसाही पोचतो, तबल्याच्या चाटेचा टणत्कार पोचवावा लागतो. दोन माइक असतील तर प्रत्येक १०-१५ सेंमीवर, शाई आणि चाट यांच्या मधोमध नेम धरून. दोन माइकमधलं अंतर हे माइक ते वाद्य या अंतराच्या निदान तिप्पट असावं. ते कमी पडलं तर एकाच ठोक्याचे दोन किंचित मागेपुढे आलेले आवाज एकमेकांना खातात आणि ठेका पोकळ वाजतो. डग्ग्याला माइक आणखी जवळ नेलात तर घिस्सा फुगून सगळ्यावर पसरतो.

*हार्मोनियम.* वरच्या झाकणापासून २५-३० सेंमी, माइकची पाठ भात्याकडे. याहून जवळ गेलं की पट्ट्यांची खटखट आणि भात्याचा श्वास सुरांच्या पुढे येतात.

*बासरी.* फुंकरीच्या छिद्रासमोर माइक नको. २०-३० सेंमी वरून, बोटांच्या छिद्रांकडे वळवा.

*स्नेअर.* कडेच्या वर २-३ सेंमी, आत तेवढाच, ३०-४५ अंश खाली झुकवलेला, पाठ हाय-हॅटकडे. खालूनही दुसरा माइक लावलात तर त्याची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे बाजू) उलटी करा, नाहीतर वरचा आणि खालचा मिळून आवाज बारीक करतील.

बिघडलं तर कुठे बघायचं

आवाज येतोय पण फार बारीक: केबलचं टोक बघा, मग इनपुट माइकवर आहे की लाइनवर ते. सतत घुंघाट: केबल बदलून बघा. नंतर माइक पॉवर अडॅप्टर, ट्रान्सफॉर्मर आणि मोठ्या अँपपासून लांब नेऊन फिरवा. कॉइल जवळच्या चुंबकीय क्षेत्राची घरघरही पकडते, म्हणून माइक फिरवल्यावर ती कमी-जास्त झाली तर दोष केबलचा नाही. मंद, कापसात गुंडाळल्यासारखा स्वर: जाळीतला स्पंज थुंकी आणि धुळीने भरलेला असतो. मधूनच खरखर: एक्सएलआरच्या पिना किंवा आतला सुटलेला टाका.

वापरलेला माइक घेताना कानाशी धरून हलवा. आत काही खुळखुळलं तर नको. जाळीचा पोचा चालतो, जाळी बदलता येते. कॅप्सूल दबलेली मात्र चालत नाही. एसएम५७ आणि एसएम५८ च्या नकला जगभर विकल्या जातात आणि पेटीसकट हुबेहूब दिसतात. वजन काट्यावर बघा: खरा एसएम५८ २९८ ग्रॅमच्या आसपास, एसएम५७ २८४ च्या. पण वजन जुळलं म्हणून खात्री होत नाही. खात्री हवी तर खऱ्या माइकच्या शेजारी ठेवून एकाच गेनवर दोन्ही रेकॉर्ड करा, किंवा कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

एसएम५८ ची जाळी आटे फिरवून निघते. ती साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळू द्या, निदान एक रात्र. ओली जाळी परत बसवू नका, आणि कॅप्सूलवर कुठलाही फवारा मारू नका. लोखंडाचा कीस पडतो अशा जागी, म्हणजे तारा कापायच्या, घासायच्या टेबलावर माइक उघडा ठेवू नका. आतलं चुंबक बारीक कण ओढून घेतं, ते पडद्यावर जाऊन बसतात आणि तिथून काढणं जवळपास अशक्य असतं. काम झालं की माइक पिशवीत घाला, आणि गुंडाळलेली केबल वेगळ्या कप्प्यात.